सावकारी पाश : प्रेक्षकांना न रुचलेले एक सत्य

कोल्हापूरला ‘कलापूर’ म्हणण्याची जुनी रीत आहे. अंबाबाईचे देऊळ, कुस्तीचे आखाडे, गूळ आणि चपला यांच्या जोडीने या शहराने महाराष्ट्राला चित्रपट दिला, याचा येथील सर्वसामान्य माणसालाही अभिमान वाटतो. खरी कॉर्नरला तर चक्क चित्रपटाच्या कॅमेऱ्याचे स्मारक उभे आहे. यंत्राला असा मान देणारी गावे फार नसतील. या अभिमानाच्या यादीत ‘सैरंध्री’चे नाव येते, ‘सिंहगड’चे येते, प्रभात फिल्म कंपनीचा जन्म याच मातीत झाला हेही आवर्जून सांगितले जाते. पण १९२५ साली येथेच तयार झालेल्या ‘सावकारी पाश’ या मूकपटाचे नाव मात्र अभ्यासकांच्या पलीकडे क्वचितच कोणाच्या ओठी येते. तो चित्रपट आम्ही पाहिलेला नाही. आज तो कोणालाही पाहता येत नाही. तरीही त्याच्याविषयी लिहावे असे आम्हांला वाटते. कारण त्याने जे सांगितले त्यापेक्षाही, लोकांनी ते कसे ऐकून घेतले, यात आपल्या सर्वांसाठी विचार करण्याजोगे बरेच काही दडलेले आहे.

या चित्रपटाचे कर्ते बाबूराव कृष्णराव मेस्त्री, अर्थात बाबूराव पेंटर. जन्म १८९०चा, कोल्हापूरचा. घराण्यात कारागिरी होती, शालेय शिक्षण बेताचेच होते. पण हातात असामान्य कसब होते. चुलतबंधू आनंदराव आणि बाबूराव हे दोघे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. त्यांतूनच दोघांच्याही आडनावाच्या जागी ‘पेंटर’ हा शब्द कायमचा चिकटला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला आणि या दोन भावांना हलत्या चित्रांनी झपाटून टाकले. कॅमेरा विकत घ्यावा एवढा पैसा नव्हता, म्हणून तो स्वतःच बनवावयाचा असा त्यांनी ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी तो ध्यास सोडला नाही. दामले, फत्तेलाल यांच्यासारखे हरहुन्नरी सोबती जमवून त्यांनी कॅमेरा सिद्ध केला आणि १९१८च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तानीबाई कागलकर या गायिकेने तिला आर्थिक हात दिला आणि राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभला. एका कलावंतिणीचे धन, एका राजाचे पाठबळ आणि कारागिरांची बोटे अशी ही उभारणी होती.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात झळकला. भीमाने केलेला कीचकवध त्यात इतका हुबेहूब उतरला होता की, प्रेक्षक हादरून गेले आणि सरकारने तो भाग वगळावयास लावला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सुवर्णपदक देऊन ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. १९२३चा ‘सिंहगड’ आणखी गाजला. कृत्रिम प्रकाशात रात्रीची दृश्ये टिपण्याचे धाडस त्यात केले होते. त्याला लोटलेली गर्दी पाहूनच सरकारच्या महसूल खात्याची नजर चित्रपटांकडे वळली आणि मुंबईत करमणूक कर आला, असे सांगतात. आपल्या चित्रपटांची भित्तिचित्रे बाबूराव स्वतः रंगवीत. पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांचा राजमार्ग त्यांच्यासाठी मोकळा होता. त्याच मार्गाने चालत राहिले असते तर कीर्तीला आणि पैशाला तोटा नव्हता.

आणि नेमक्या त्याच वेळी या माणसाने मुकुट, गदा आणि ढालतलवारी बाजूला ठेवून एका शेतकऱ्याच्या झोपडीकडे कॅमेरा वळविला.

‘सावकारी पाश’ची कथा थोडक्यात सांगता येते. एक गरीब शेतकरी सावकाराच्या तावडीत सापडतो. लोभी सावकार त्याची जमीन गिळंकृत करतो. जमीन गेली म्हणजे गाव सुटते. शेतकरी शहराची वाट धरतो आणि गिरणीतला मजूर बनतो. संपली कथा. यात देव प्रकट होत नाही, पराक्रमी राजा धावून येत नाही, दुष्टाच्या छातीवर पाय ठेवून कोणी गर्जना करीत नाही. तरुण शेतकऱ्याची भूमिका कंपनीतल्याच एका तेवीस वर्षांच्या तरुणाने केली होती. त्याचे नाव शांताराम राजाराम वणकुद्रे. पुढे साऱ्या देशाने त्याला व्ही. शांताराम या नावाने ओळखले. भारतीय चित्रपटाच्या इतिहासकारांनी ‘सावकारी पाश’ला आपल्याकडील वास्तवदर्शी सामाजिक चित्रपटांचा अग्रदूत मानले आहे.

हा विषय काही बाबूरावांनी हवेतून काढलेला नव्हता. सावकारी हे त्या काळच्या दख्खनचे उघडे दुखणे होते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, येथील कापसाला सोन्याचा भाव आला आणि शेतकऱ्यांना कर्ज देण्यास सावकार उत्सुक झाले. युद्ध संपले, भाव कोसळला. सरकारी शेतसारा मात्र वाढला. मग कर्जावर कर्ज चढत गेले. खत लिहिणारा सावकार, वाचणारा सावकार, हिशेब ठेवणाराही सावकारच. कुळाच्या वाट्याला फक्त अंगठा उठविणे येई. मुद्दलात व्याज मिसळून नवे खत करावयाचे आणि त्यावर पुन्हा व्याज लावावयाचे, या रीतीने बापाचे देणे मुलाच्या आणि मुलाचे देणे नातवाच्या माथी येई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी या संतापाचा भडका उडाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे : जमावाने माणसांना क्वचितच इजा केली. त्यांना हवी होती ती खते, आणि त्या कागदांचीच त्यांनी होळी केली. आपला शत्रू कोणता हे त्या निरक्षर माणसांनी अचूक ओळखले होते. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. खतात जे लिहिले आहे तेवढ्यावर न थांबता कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला. कायदा आला म्हणून पाश सुटला असे मात्र झाले नाही. ‘सावकारी पाश’ पडद्यावर आला तो सुप्याच्या उठावानंतर बरोबर पन्नास वर्षांनी, आणि तरीही त्याचा विषय शिळा झालेला नव्हता.

मग लोकांनी या चित्रपटाचे स्वागत कसे केले? उत्तर खेदाचे आहे. त्यांनी त्याकडे पाठ फिरविली. चमत्कार आणि शौर्य यांवर पोसलेल्या प्रेक्षकाला वास्तवाचा एवढा कडू काढा पचला नाही. चित्रपट चालला नाही आणि बाबूराव पुन्हा आपल्या जुन्या, वेशभूषेच्या आणि पुराणाच्या चित्रपटांकडे वळले.

असे का व्हावे? प्रेक्षकांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. दिवसभर राबलेल्या माणसाने गाठीचे चार पैसे मोडून तिकीट काढावे, आणि आत जाऊन काय पाहावे, तर ज्याच्या भीतीने घरी झोप लागत नाही तोच सावकार! करमणुकीला आलेल्या माणसाला आपलेच दुःख दाखविले तर तो अवघडून उठणारच. शिवाय तो मूकपटाचा काळ. पडद्यावर अक्षरे उमटत आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना शेजारचा कोणी तरी ती मोठ्याने वाचून दाखवी. ज्या शेतकऱ्याला आपल्या खतावरची ओळ वाचता आली नाही, त्याला आपल्या व्यथेच्या चित्रपटातील ओळही दुसऱ्याच्याच तोंडून ऐकावी लागणार होती.

पण आम्हांला वाटते, कारण याहून खोल आहे, आणि ते पवित्र शास्त्राने फार पूर्वी दाखवून ठेवले आहे. शमुवेलच्या दुसऱ्या ग्रंथात, बाराव्या अध्यायात, नाथान संदेष्टा दावीद राजापुढे उभा राहतो. त्याला राजाचे पाप राजाच्या पदरात घालावयाचे आहे. तो सरळ आरोप करीत नाही. एक गोष्ट सांगतो. एका श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरे होती, गरिबाकडे एकच कोकरू होते, आणि पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने त्या गरिबाचे कोकरू हिरावून घेतले. गोष्ट ऐकताना राजा संतापला. कारण तो श्रीमंत दुसराच कोणी तरी आहे, अशी त्याची समजूत होती. तो माणूस तूच आहेस, हे कळल्यावर मात्र त्याची मान खाली गेली. कीचकाचा वध पाहताना प्रेक्षक टाळ्या पिटतो, कारण कीचक युगांपूर्वी होऊन गेलेला आहे. त्याच्या आणि आपल्या मध्ये महाभारताएवढे अंतर आहे. ‘सावकारी पाश’ने ते अंतरच पुसून टाकले. त्यातला दुष्ट आपल्याच आळीत राहतो, सणासुदीला आपल्याला पान देतो, देवळाच्या जीर्णोद्धाराला देणगी देतो आणि समाजात मान्यवर म्हणून मिरवतो. त्यातला दुबळाही आपल्याच आळीत राहतो, आणि त्याच्यासाठी आपण काही केलेले नाही, हे आपल्याला ठाऊक असते. दाविदाने मान खाली घातली आणि पश्चात्ताप केला. आपण सामान्य माणसे अशा वेळी चित्रपटगृहातून उठून बाहेर पडतो. आणि हो, प्रवचन चालू असताना प्रार्थनामंदिराच्या व्हरांड्यात जाऊन उभे राहतो तेही बहुधा याच कारणाने.

ख्रिस्तसभेला हा विषय परका नाही. निर्गमाच्या ग्रंथात आज्ञा आहे की, गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्यास्तापूर्वी ते परत करावे; कारण त्याला रात्री पांघरावयास दुसरे काही नाही. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात महोत्सवाच्या वर्षाची, ज्युबिलीची, योजना सांगितली आहे. दर पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत यावी, कोणाची पिढी कायमची भूमिहीन होऊ नये. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात तर ‘सावकारी पाश’चेच कथानक आहे. दुष्काळात धान्यासाठी आणि राजाचा कर भरण्यासाठी लोकांनी शेते, द्राक्षमळे, घरे गहाण टाकली, मुलेबाळे दास्यात दिली. आणि कर्ज देणारे परके नसून त्यांचेच बांधव होते. नहेम्याने श्रीमंतांना सर्वांसमक्ष जाब विचारला आणि शेते व व्याज परत करण्याचे वचन घेतले.

हीच परंपरा पुढे चालली. ११७९ साली भरलेल्या तिसऱ्या लॅटरन महासभेने उघड सावकारी करणाऱ्यांना पवित्र ख्रिस्तशरीर आणि ख्रिस्ती दफन नाकारले. पंधराव्या शतकात इटलीत फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी गरिबांसाठी अल्प व्याजाच्या तारण पेढ्या सुरू केल्या. पुढे काळाच्या ओघात वाजवी व्याज आणि पिळवणूक यांत ख्रिस्तसभेने भेद केला, पण पिळवणुकीवरचा कटाक्ष कधी सैल केला नाही. परमगुरू तेरावे लिओ यांनी १८९१च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या विश्वपत्रात कामगारांच्या दैन्याची कारणे सांगताना हावऱ्या सावकारीचा स्पष्ट उल्लेख केला आहे. आणि आपल्या देशात ही शिकवण कागदावर राहिली नाही. छोटानागपूरमध्ये फादर कॉन्स्टंट लिव्हन्स या बेल्जियन येशूसंघीय धर्मगुरूंनी आदिवासींच्या जमिनींसाठी कायद्याची पुस्तके अभ्यासून त्यांना कोर्टकचेरीत साहाय्य केले. त्यांच्यामागून आलेल्या फादर जॉन हॉफमन यांनी १९०९ साली तेथे कॅथोलिक सहकारी पतसंस्था उभारली. वसईत १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी बसीन कॅथोलिक सहकारी पतसंस्थेचा पाया घातला आणि तिची आज मोठी सहकारी बँक झाली आहे. म्हणजे कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी आकार घेत होती त्याच सुमारास वसईतला एक धर्मगुरू त्याच रोगावर आपल्या परीने औषध शोधीत होता. या दोघांची एकमेकांशी ओळख असण्याचे कारण नव्हते. एकाने पाश दाखविला, दुसऱ्याने तो सोडविण्यासाठी हात पुढे केला. समाजाला या दोन्ही कामांची गरज असते.

बाबूरावांनी हा विषय मनातून टाकला नव्हता. त्यांना बोलपटांचे फारसे कौतुक नव्हते. इतक्या कष्टाने घडविलेली चित्रांची भाषा आवाजाच्या गोंगाटात हरवेल, अशी त्यांची धारणा होती. तरीही १९३६ साली त्यांनी कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी ‘सावकारी पाश’ पुन्हा, या वेळी बोलपट म्हणून, काढला. एकदा नाकारली गेलेली गोष्ट अकरा वर्षांनी पुन्हा सांगावयास उभे राहणे, यासाठी मनाची एक वेगळीच घडण लागते. चित्रपट निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी पुढे लिहून ठेवले की, मूकपट त्यांना अंधूक आठवत होता. पण बाबूराव किती मोठे कलावंत होते हे त्यांना बोलपट पाहिल्यावर उमगले. मंद प्रकाशातील एक उदास झोपडी आणि कुत्र्याचे भुंकणे, एवढ्या एका दृश्याच्या आठवणीने ते भारावून जात.

त्याच १९३६ साली, २९ जून रोजी, परमगुरू अकरावे पायस यांनी चित्रपटांविषयी ‘विजिलान्ती कुरा’ हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. आपल्याकडे त्याची आठवण फक्त ‘वाईट चित्रपट पाहू नका’ एवढ्यापुरती उरली आहे. त्यात अनीतिमान चित्रपटांविरुद्ध कडक इशारा आहेच. पण जोडीने हेही सांगितले आहे की, चित्रपटासारखे जनमनावर प्रभाव टाकणारे दुसरे साधन नाही आणि म्हणूनच ते सत्याच्या व सदाचाराच्या सेवेला लागले पाहिजे. या कसोटीवर ‘सावकारी पाश’ला काय स्थान मिळाले असते? आम्हांला वाटते, मानाचे मिळाले असते. देवाचे नाव ज्यात येते तोच चित्रपट धार्मिक, ही समजूत अपुरी आहे. दुबळ्याचा आक्रोश ऐकू येईल अशी व्यवस्था करणे, हेही संदेष्ट्याचेच काम आहे.

प्रेक्षकांनी नाकारलेल्या या बीजाचे पुढे काय झाले, ते पाहणे उद्बोधक ठरेल. १९५३ साली बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. कर्जापायी जमीन जाण्याच्या बेतात असलेला शेतकरी शहरात येऊन रिक्षा ओढतो, हे त्याचे कथानक. कान येथील महोत्सवात १९५४ साली त्याचा गौरव झाला. १९५७च्या ‘मदर इंडिया’तील सुखीलाला सावकार तर घरोघरी पोहोचला. या चित्रकर्त्यांनी ‘सावकारी पाश’ पाहिला होता असा आमचा दावा नाही. पण ज्या विषयाकडे १९२५च्या प्रेक्षकाने पाठ फिरविली, त्याच विषयाला तीस वर्षांनी साऱ्या देशाने डोळ्यांत पाणी आणून दाद दिली, एवढे खरे.

आणि तो तेवीस वर्षांचा तरुण? १९२९ साली त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली; १९३३ साली ती पुण्यास गेली. जरठकुमारी विवाहावर ‘कुंकू’ (१९३७), समाजाने टाकून दिलेल्या स्त्रीवर ‘माणूस’ (१९३९) असे चित्रपट त्याच्या हातून झाले. त्याचे पहिले धडे त्याने बाबूरावांच्या अंगणात गिरविले होते. १९५७ साली त्याने ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. खून करून आलेल्या सहा कैद्यांना माळरानावर नेऊन, विश्वासाच्या बळावर माणसात आणू पाहणाऱ्या जेलरची ती कथा. तिच्यामागे औंध संस्थानातील खुल्या तुरुंगाच्या प्रयोगाची प्रेरणा होती. १९५८च्या बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले, आणि त्यासोबतच ‘ओसिक’ या आंतरराष्ट्रीय कॅथोलिक चित्रपट संघटनेचा पुरस्कारही मिळाला. आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असेल. कोल्हापूरच्या एका न चाललेल्या मूकपटात ज्याने कर्जबाजारी शेतकरी रंगविला, त्याच्या कलाकृतीला तेहतीस वर्षांनी जगाच्या कॅथोलिक प्रेक्षकसंस्थेने मान दिला. पेरणाऱ्याच्या दाखल्यात काही बी चांगल्या जमिनीत पडते. मात्र तेथेही पीक येण्यास वेळ लागतोच.

स्वतः ‘सावकारी पाश’ हा मूकपट मात्र राहिला नाही. आपल्या देशात मूकपट निघाले तेराशेच्या आसपास, आणि त्यांपैकी टिकले ते जेमतेम बोटांवर मोजण्याजोगे. त्या काळच्या फिती पेट घेणाऱ्या द्रव्याच्या असत. काही जळाल्या, काही दमट हवेत कुजल्या. आणि कित्येक फितींवरची चांदी खरवडून काढण्यासाठी त्या विकल्या गेल्या. बाबूरावांच्याच ‘मुरलीवाला’ (१९२७) या पौराणिक मूकपटाचे भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपले गेले आहेत. देवाची कथा राहिली, शेतकऱ्याची गेली. कर्जापायी घरातला चांदीचा डाग मोडणाऱ्या माणसाची कथा कदाचित चांदीसाठीच वितळविली गेली असेल, या कल्पनेने मन विषण्ण होते. बाबूराव १९५४ साली निवर्तले.

येथे हा लेख थांबविता आला असता. पण चित्रपटाची फीत नष्ट झाली तरी त्याचे कथानक आपल्या धर्मग्रामांत अजून चालू आहे, म्हणून चार शब्द अधिक लिहिणे आमचे कर्तव्य आहे. सावकाराने आता पागोटे उतरविले आहे. तो भिशीतून येतो, ‘फायनान्स’ या नावाने येतो, मोबाईलमधून येतो, कधी ओळखीच्या माणसाच्या गोड बोलण्यातून येतो. शेकडा दहा रुपये महिना हा दर ऐकताना लहान वाटतो. दहा हजारांच्या कर्जाला महिना हजार रुपये व्याज. दहा महिन्यांत घेतले तेवढे फेडून होते आणि मुद्दल जागच्या जागी असते. त्यातही पहिल्या महिन्याचे व्याज आधीच कापून हातात नऊ हजारच ठेवले जातात. इस्पितळाचे बिल, मुलीचे लग्न, मुलाच्या शिक्षणाची फी ही कारणे आपल्याला ठाऊक असतात. परंतु प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या जेवणावळीसाठी आणि लग्नाच्या मंडपासाठीही कर्जे काढली जातात, हे आपण एकमेकांपासून लपवितो. संस्काराचा दिवस ज्या घरात कर्जाचा पहिला दिवस ठरतो, त्या घराकडे पाहून आपण सर्वांनी, धर्मगुरूंनी आणि प्रापंचिकांनीही, अंतर्मुख व्हावयास हवे.

कर्जबाजारी माणूस आधी पैशाने बुडतो आणि मग माणसांतून उठतो. तो रविवारच्या मिस्साला येईनासा होतो. आला तर मागच्या दाराजवळ उभा राहतो आणि समाप्तीच्या आशीर्वादाआधीच निघून जातो. कारण देणेकरी कदाचित पुढच्याच बाकावर बसलेला असतो. ‘सावकारी पाश’मधला शेतकरी गाव सोडून गेला तेव्हा गावातले बाकीचे लोक काय करीत होते? कथेत त्यांचे काम नव्हते. आपल्या धर्मग्रामाच्या कथेत मात्र ते काम आपले आहे.

प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण अपराधांची क्षमा मागतो. मत्तयच्या ग्रीक शुभवर्तमानात त्या ठिकाणी आलेल्या शब्दाचा मूळ अर्थ ‘देणे’, ‘ऋण’ असा आहे. प्रभू येशूच्या श्रोत्यांत शेतकरी होते, कोळी होते, रोजंदारीवरचे मजूर होते. ऋण म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावे लागत नव्हते. निर्दय सेवकाचा दाखलाही कर्जाचाच आहे : अफाट देणे ज्याला माफ झाले, त्याने शंभर दिनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरला. २०००च्या महोत्सवी वर्षाच्या निमित्ताने परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी, आणि २०२५च्या महोत्सवी वर्षाची घोषणा करताना परमगुरू फ्रान्सिस यांनी, श्रीमंत राष्ट्रांना गरीब राष्ट्रांची कर्जे माफ करण्याचे आवाहन केले. राष्ट्रांचे हिशेब आपल्या हाती नाहीत. पण प्रत्येक धर्मग्रामात संत व्हिन्सेंट द पॉल संघाचे किंवा पतसंस्थेचे काही जाणते सभासद असतात. अडलेल्या घराची गोष्ट वाच्यता न करता ऐकून घेणे, हिशेबाचे कागद त्याच्यासोबत बसून वाचणे, अल्प व्याजाचे कर्ज कोठे मिळेल हे दाखविणे त्यांना सहज शक्य आहे. महाराष्ट्रात २०१४चा सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवान्यावाचून सावकारी करणे हा त्याने गुन्हा ठरविला आहे आणि सावकारीच्या ओघात बेकायदा बळकावलेली जमीन परत देवविण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकास दिला आहे. किती घरांना हे माहीत असते? अंगठ्याच्या जागी आता सही आली आहे. परंतु कागद न वाचता केलेली सही आणि अंगठा यांत फरक तो काय?

१९२५ सालच्या प्रेक्षकांना आपण फार दोष देऊ नये. त्यांच्यासमोर पडद्यावरची सावली होती आणि ते उठून गेले. आपल्यासमोर शेजारी आहे. त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे, त्याचे दार आपल्याला ठाऊक आहे. या आठवड्यात कोणी तरी ते दार ठोठवावे, आत बसून त्याचे कागद शांतपणे वाचून पाहावेत. शंभर वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका चित्रकाराने जे पाहावयास सांगितले होते, ते पाहिल्याचे पुण्य एवढ्याने लाभेल.